कयाकमधून खाडीत मासे गरवायचे असतील तर गरी सगळ्यात शेवटी: बडोद्याहून कोकणात जाणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मला विचारणारे बहुतेक जण सुरुवातच "रॉड कोणता घेऊ?" इथून करतात. हा प्रश्न सहावा आहे. आधी पाणी ठरवायचं, मग अंग तयार करायचं, मग भरती आणि वारा बघून दिवस काढायचा, मग नाव, मग रॉडशिवाय पहिली फेरी, आणि त्यानंतर रॉड. क्रम उलटा झाला की काय होतं ते ठरलेलं असतं. मासा लागतो, माणूस बाजूला वाकतो, कयाक उलटते. परत चढायचं कसं हे हातांना माहीत नसतं आणि ओहोटी तोवर समुद्राकडे ओढायला लागलेली असते.

बडोद्यातल्या मराठी घरांतून दिवाळीनंतर कोकणात जाणाऱ्या, पोहता येणाऱ्या पण कयाकमध्ये कधी न बसलेल्या माणसासाठी हे लिहितो आहे. सगळं खाडीपुरतं आहे. खुल्या समुद्रात जायचं असेल तर खाडीतला एक हंगाम आधी पुरा करा.

टप्पा १: पाणी निवडा

आधी कुठे जायचं नाही ते. विश्वामित्रीत सराव करायचा विचारही नको; तिथल्या मगरी शहराला नव्याने सांगायला नकोत. आजवा सरोवर शहराच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, मगरी तिथेही आहेत, आणि तिथे परस्पर बोट घालायची नसते.

दुसरा मोह जवळच्या समुद्राचा. "जंबुसरवरून कावी-कंबोई तर दोन तासांवर आहे, कोकणात कशाला जायचं?" असं बरेच जण म्हणतात. स्तंभेश्वर महादेवाचं दर्शन घेतलं असेल तर उत्तर तुम्ही तिथेच पाहिलं आहे. भरतीला ते देऊळ पाण्याखाली जातं. खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. रत्नागिरी-मालवणकडे हाच फरक साधारण दोन ते तीन मीटर असतो. इतकं पाणी सहा तासांत आत-बाहेर करतं तेव्हा त्याचा वेग नवशिक्याच्या वल्ह्याला जुमानत नाही. ओहोटी लागली की खाली उरतो तो मैलभर चिखल, ज्यात चालताही येत नाही. आखात नवशिक्यासाठी नाही. महीचं आणि नर्मदेचं मुखही त्यातच आलं.

जायचं ते कोकणातल्या खाडीत. देवबाग-तारकर्लीची कर्ली, रत्नागिरीजवळची भाट्याची खाडी, आंजर्ल्याची जोग नदी, अशा जागा. बडोद्याहून वसई-पनवेलमार्गे कोकण रेल्वेच्या गाड्या आहेत. मालवणसाठी कुडाळला उतरायचं. वाशिष्ठीत मात्र चिपळूणच्या आसपास मगरी आहेत, तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला सराव नको.

मालवणला जात असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. गरी टाकण्यापूर्वी हद्द कुठून कुठवर आहे ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारा. हॉटेलवाल्याचं "चालतं हो" पुरेसं नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून वारा लवकर उठतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. कयाकला इंजिन नाही म्हणून आपल्याला मोकळीक, असा अर्थ कुणी काढू नये. नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावरचे जाणते लोक पाण्याला हात लावत नाहीत, आपणही लावायचा नाही.

तपासा: कयाक भाड्याने देणाऱ्याला फोनवर तीन गोष्टी विचारा. उतरायची जागा खाडीच्या मुखापासून किती आत आहे? (दीड-दोन किलोमीटर तरी हवी.) ओहोटीला तिथे वाळू असते की चिखल? आणि पहिल्या दिवशी सोबत दुसऱ्या नावेतून कोण येणार? तिसऱ्याचं उत्तर "कोणी नाही" आलं तर दुसरा माणूस शोधा.

टप्पा २: अंग बडोद्यातच तयार करा

हे काम महापालिकेच्या तरणतलावात तीन-चार आठवड्यांत होतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. "मला पोहता येतं" एवढं पुरत नाही. कयाक उलटल्यावर लांब पोहावं लागत नाही. भिजलेल्या कपड्यांनिशी, लाइफ जॅकेट घालून, खाली टेकायला काही नसताना स्वतःला वर ओढावं लागतं.

सराव असा. खोल बाजूला, शिडीपासून दूर, काठाला दोन्ही हात लावा. पाय खाली लोंबू देऊ नका. ते मागे, पाण्याच्या पृष्ठभागाशी आणा आणि जोरात मारा. शरीर आडवं झालं की एका झटक्यात छाती काठावर, मग पोट काठावर. गुडघा टेकवून चढायचा प्रयत्न करू नका. कयाक गुडघ्याने पुन्हा उलटते. लागोपाठ पाच वेळा जमेपर्यंत हे करा. मग तेच टी-शर्ट-पँट आणि जॅकेट घालून करा, अर्थात तलावाच्या प्रशिक्षकाला आधी सांगून. जॅकेट पोटाशी अडतं आणि सगळं गणित बदलतं, ते इथे कळलेलं बरं.

जॅकेट स्वतःचं घ्या. बाकी सगळं भाड्याने चालेल. फोमचं, तुमच्या वजनासाठी दिलेलं, वल्हवताना काखेत न घासणारं, शिट्टी बांधलेलं. पट्टे आवळून दुसऱ्याला दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते मोठं आहे. पर्यटकांच्या बोटीत मिळणारं नारिंगी, एका नाडीचं जॅकेट या कामाचं नाही.

सावधान: पाण्यात असेपर्यंत जॅकेट अंगावर. उकडतं म्हणून काढून मागे ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर तुमच्या आधी वाहून जातं.

टप्पा ३: दिवस निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण रजा बघून तारीख ठरते आणि पाणी नंतर बघितलं जातं. तारीख पंचांगावरून काढायची.

कोकण किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला ८ गुणिले पाऊण म्हणजे ६, भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. सकाळी आणि रात्री दोन्हीकडे हीच वेळ साधारण लागते, आणि भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. तो दिवस निवडण्यासाठी वापरा. पक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून किंवा समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून घ्या. आखातात हा हिशोब लावू नका.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात २० सेंटिमीटर आणि तिसऱ्या तासात ६०. ओढ या मधल्या दोन तासांत असते. त्या वेळी आपण पाण्यात नसावं, निदान मुखाच्या जवळ तर नाहीच.

आता वारा. थंडीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी आरशासारखं दिसतं, कारण वारा पाठीमागून असतो. पण तो तुम्हाला बाहेरच ढकलत असतो. दहा-साडेदहानंतर समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत खाडीतही लाटा उठतात. नवशिक्याने साडेदहाला किनाऱ्यावर असावं.

दोन्ही जुळवून बघा. एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास पूर्ण होते. थंडीत सातला, उजाडल्यावर उतरलात तर भरतीचा जोर सरलेला असतो आणि उरलेलं चढतं पाणी तुम्हाला हळूहळू खाडीच्या आत नेतं. सव्वाआठला पाणी थांबतं. मग पहिले दोन तास हलकी ओहोटी तुम्हाला परत आणते, आणि तिचा जोर वाढायच्या आत, सव्वादहापर्यंत, तुम्ही किनाऱ्यावर. वाराही तोवर शांत. एकादशी पाळणाऱ्यांनी दशमी किंवा द्वादशी धरावी. साडेसात आणि नऊ, दोन्ही वेळा चालतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत नवशिक्याने जाऊ नये. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाणी सर्वात मंद असतं, पण भरती सहाला संपत असल्याने निघताना ओहोटी लागलेली असते. त्या दिवशी ओहोटीच्या उलट, खाडीच्या आत वल्हवत जा, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणेल.

खाडीत जितकं आत जाल तितका पाण्याला फिरायला उशीर लागतो. घड्याळापेक्षा बांबूच्या खुंटाकडे बघा: पाण्याची रेघ कोणत्या बाजूला फुटते आहे, त्यावरून ओढ कुठे आहे ते कळतं.

तपासा: अंदाजात वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर बेत रद्द. आणि उतरण्यापूर्वी धक्क्यावरच्या कुणा तांडेलाला, म्हणजे मच्छीमार होडीच्या प्रमुखाला, विचारा. "आज नको हां, वारो फिरतलो," असं कुणी म्हणालं तर मोबाइलवरचा अंदाज दाखवून वाद घालू नका. त्याने सकाळपासून आभाळ पाहिलेलं असतं. बडोद्याहून रात्रभर प्रवास करून आलात हे पाण्याला कळत नाही, म्हणून बेत आखतानाच एक दिवस जादा धरा.

टप्पा ४: कयाक आणि तिची बांधाबांध

विकत घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी. बडोद्याहून गाडीच्या टपावर बारा फुटांची कयाक नेणं हा वेगळाच उद्योग आहे. भाड्याने घेताना वर बसायची, सिट-ऑन-टॉप प्रकारची मागा. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३० इंचांच्या वर. तिच्यात आलेलं पाणी तळातल्या आरपार भोकांतून आपोआप निघून जातं आणि उलटली तरी परत चढता येते. हवा भरायच्या कयाकला गरी आणि काट्यांचा धोका असतो, ती नको.

पाण्यात घालण्याआधी बूच बघा. कयाकच्या शेपटाकडे, कधी बाजूला, पाणी काढायचं छोटं बूच असतं. धुताना ते काढतात आणि लावायचं राहतं. अर्ध्या तासात पोकळीत पाणी भरतं, कयाक जड होते, डुलते, आणि का ते कळत नाही. हाताने फिरवून घट्ट आहे ना पाहा. दुसऱ्याने सांगितलेलं धरू नका.

वल्हं दोरीने कयाकला बांधा. रॉड, पक्कड, जाळी, डबा, हे सगळंही. तुमच्या अंगाला काहीच बांधायचं नाही. अंगावर असावं ते जॅकेट, शिट्टी, जॅकेटच्या खिशात पाणी न जाणाऱ्या पिशवीतला फोन, आणि एका हाताने निघेल अशी छोटी सुरी. दोरी पायात अडकली तर ती सुरीच सोडवते. पायात पट्ट्याचे बूट हवेत. खडकांवरची कालवं अनवाणी पाय उभा चिरतात. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा लवकर वाळणारा सदरा.

तपासा: घरच्या एका माणसाला लिहून पाठवा: कुठून उतरलो, कोणत्या बाजूला जाणार, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. क्रमांक सोबत द्या: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, नाहीतर ११२.

टप्पा ५: पहिली फेरी, रॉड किनाऱ्यावर ठेवून

गुडघाभर पाण्यात कयाक उभी करा. आधी बूड मध्यभागी टेकवा, मग पाय आत घ्या. आधी पाय टाकणारा पडतो. वल्ह्याचा खोलगट भाग आपल्याकडे असावा. वल्हं डोक्यावर आडवं धरा. कोपर काटकोनात आले की हातांची जागा बरोबर. ओढायचं ते कमरेतून, दंडाने ओढलं तर अर्ध्या तासात दंड भरून येतात.

दहा मिनिटं सरळ जा, वळा, थांबा. मग मुद्दाम उलटा. सोबतचा माणूस जवळ असताना, कमरेच्या वर पाणी असलेल्या, प्रवाह नसलेल्या जागी. उलटलेल्या कयाकच्या पोटावरून पलीकडचा काठ पकडा आणि स्वतःकडे ओढा, ती सुलटी होते. वल्हं हातातून सुटू देऊ नका. आता तलावातला धडा: पाय मागे पृष्ठभागावर, जोरात लाथा, पोट कयाकवर आडवं. तिथे एक क्षण थांबा, श्वास घ्या. मग कुशीवर वळून बूड आसनात, शेवटी पाय. घाईने लगेच बसायला गेलात तर पलीकडे पडाल.

एकट्याने तीन वेळा चढता आलं तर पुढचा टप्पा. नाही आलं तर त्या दिवशी रॉडला हात लावायचा नाही. मन खट्टू होतं हे कळतं, पण यात सूट नाही.

मच्छीमार होडी जवळून गेली तर तिच्या लाटेकडे कयाकचं तोंड करा. बाजूने घेतलेली लाट उलटवते. त्यांची जाळी, त्यांचे खुंट, त्यांचा मार्ग यांपासून लांब राहा. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

टप्पा ६: आता गरी

साडेसहा-सात फुटांचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, ३००० ते ४००० आकाराचं रीळ, २० पाउंडची विणलेली (ब्रेडेड) दोरी आणि पुढे हातभर ३० पाउंडची जाड नायलॉन. एकच रॉड. दोन रॉड नेले की दुसऱ्याची दोरी पहिल्याला गुंतते आणि ती सोडवायला तुम्ही वाकता. गरी एकेरी घ्या, तिचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. तीन तोंडांची गरी अरुंद नावेत माशाआधी मांडीत घुसते. आमिष म्हणून जिवंत कोळंबी सगळ्यात सोपी. नाहीतर १० ते १५ ग्रॅमच्या शिशाच्या मुंडीवर रबरी मासा.

खारफुटीच्या मुळांशी तांबोशी आणि जिताडा सापडतो, खडकांशी गोबरा, वाळूच्या उथळ भागात मुडदुशी. भरती थांबायच्या आधीचा अर्धा तास आणि ओहोटी लागल्यानंतरचा अर्धा तास मला सगळ्यात चांगला वाटतो. पाणी हलतं पण ओढत नाही.

फेकताना पुढच्या बाजूलाच फेका, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये. मासा लागला की रॉडचं टोक नाकासमोर ठेवा. मासा कयाकला ओढून फिरवेल, फिरू द्या. रॉड बाजूला गेला की तुमचं वजनही जातं. मासा दमल्यावर त्याला मांडीजवळ आणा आणि जाळी पाण्यात बुडवून त्याला जाळीवर ओढा. नाक कयाकच्या काठाबाहेर जाता कामा नये. या एका नियमाने बहुतेक उलटणं टळतं.

हाताळण्याचं म्हणाल तर शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे विषारी असतात. त्याला हाताने धरू नका; पकडीने गरी काढा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवा आणि डॉक्टर गाठा. पाकट किंवा समुद्री साप लागला तर नावेत घ्यायचा नाही, दोरी कापा. केंड, म्हणजे फुगणारा विषारी मासा, खायचा नाही, सोडून द्या. लहान पिल्लंही सोडा.

सावधान: नांगर. प्रवाहात कयाकच्या मधल्या भागाला नांगर बांधला की पाणी एका बाजूवर चढतं आणि कयाक क्षणात आडवी होते. पहिल्या काही फेऱ्यांत नांगर नेऊच नका. थांबायचं असेल तर संथ पाण्यात खारफुटीची फांदी धरा, नाहीतर वाहत वाहत गरवा आणि वल्हवून मागे या. वाहताना उतरायच्या जागेच्या खाली, मुखाकडे, कधीही जाऊ नका.

टप्पा ७: परत येताना

ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी गरी आवरून रॉड आडवा बांधा. "अजून एक फेक" याच वेळी सुचते आणि ओहोटीही याच वेळी जोर धरते. काठाला धरून या, मधल्या धारेत नको. ओहोटीला चिखल उघडा पडला असेल तर कुठेही उतरू नका, वाळूची ठरलेली जागाच गाठा. गढूळ उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेली पाकट आधीच सरकते.

किनाऱ्यावर आल्याबरोबर घरी फोन करा. मग बूच काढून कयाक तिरकी करा आणि आत किती पाणी आलं ते बघा. पेलाभर ठीक, बादलीभर निघालं तर कुठे तरी चीर आहे. मालकाला दाखवा आणि ती नाव पुन्हा घेऊ नका. मासे लगेच साफ करून जितकं वजन तितक्याच बर्फात ठेवा, आणि त्याच दिवशी तिथेच शिजवा. बडोद्यापर्यंतच्या प्रवासात ते नेऊ नका. रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. ड्रॅगची, म्हणजे दोरीचा ताण ठरवणारी, चकती सैल करून सावलीत वाळवा, पक्कड आणि सुरीला तेलाचा हात फिरवा, जॅकेट उन्हात न टाकता सावलीत टांगा.